विषाणू निघतो कसा?

विषाणूबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातं त्यातली क्रियापदं एकदा नीट बघा. विषाणू शिरतो, घुसतो, हल्ला करतो, पेशीचा ताबा घेतो, थैमान घालतो. २०२० सालच्या बातम्या आठवा, जणू काही अफझलखानच वाईपर्यंत येऊन ठेपला होता. पण हा पाहुणा पेशीतून निघतो कसा, यावर कोणी फारसं बोलत नाही. फार तर एक ओळ असते, की पेशी फुटते आणि नवे विषाणू बाहेर पडतात. झालं, संपलं. आणि बऱ्याच विषाणूंच्या बाबतीत ती ओळही खरी नाही.

माझं म्हणणं असं, की सामान्य माणसाला विषाणूबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर ती त्याच्या निघण्याची सांगावी. हात कशाने धुवायचे, पाणी उकळायचं की नाही, कोणाच्या शेजारी बसायला घाबरायचं आणि कोणाच्या नाही, हे बरंचसं तो निघताना अंगावर काय घालून निघाला यावर ठरतं.

थोडं आत जाऊन बघू. कंटाळा आला तर पुढचे तीनचार परिच्छेद सोडून द्या, रागावणार नाही.

आपल्या पेशीभोवती एक पापुद्रा असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणत. तेलकट रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे, इतकंच ते. तसलेच पापुद्रे पेशीच्या आतही घड्या घालून बसलेले असतात (आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड वगैरे, आठवत असेल तर). नवा विषाणू जोडायचा म्हणजे तीन गोष्टी एका जागी आणायच्या : विषाणूची प्रथिनं, त्याचा आरएनए म्हणजे पुढच्या पिढीसाठीची लिखित कृती, आणि यातला एखादा पापुद्रा. मुकादम कोणी नाही. प्रथिनांच्या घडणीतच सगळं असतं, कुठलं टोक कशाला चिकटणार ते.

एचआयव्हीचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा अभ्यास भरपूर झालाय. त्याच्या मुख्य प्रथिनाचं नाव गॅग. त्याच्या एका टोकाला मायरिस्टिक आम्लाची छोटीशी स्निग्ध शेपटी असते. (हे नाव जायफळाच्या शास्त्रीय नावावरून आलंय. श्रीखंडात किसून घालतो तेच जायफळ.) ही शेपटी पापुद्र्याच्या तेलात रुतते. दुसऱ्या टोकाजवळ जस्ताच्या अणूंभोवती दुमडलेली दोन बोटं असतात, ती आरएनए पकडतात. आता पेशीत आरएनए काय कमी असतात? पेशीचे स्वतःचेच ढिगाने. त्या गर्दीत विषाणूचा आरएनए ओळखायचा तो त्याच्या सुरुवातीच्या भागाला पडलेल्या विशिष्ट घड्यांवरून. असे दोन आरएनए जोडीने उचलले जातात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. शेपटीकडच्या टोकालाही आरएनएचे छोटे तुकडे चिकटलेले असतात, पेशीचे स्वतःचे. ते का? तर गॅगने वाटेत भलत्याच पापुद्र्याला चिकटू नये म्हणून. टिकलीच्या मागे कागद असतो ना, तसं. बाहेरच्या पटलाच्या आतल्या बाजूला एका खास जातीचा स्निग्ध रेणू असतो, तो भेटला की हा कागद सुटतो आणि टिकली बरोबर जागी बसते. मग गॅगला गॅग लागून दोन-अडीच हजारांची गर्दी होते, पटलाला बाहेरून फुगवटा येतो आणि शेवटी मानेशी चिमटा बसून तो फुगा सुटतो. हा चिमटाही विषाणूचा नव्हे. एका पेशीच्या दोन होताना शेवटचा धागा तोडायला पेशी जी प्रथिनं वापरते, तीच इथे उसनी घेतलेली असतात. जोडणीचं काम सुरू झालं की काही मिनिटांत आटोपतं. पेशी फुटत-बिटत नाही.

कोरोनाचा विषाणू हेच काम पेशीच्या आतल्या पापुद्र्यांवर करतो, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी यांच्या मधल्या जागेत. त्याचं एम नावाचं प्रथिन पापुद्र्यात रुतून असतं आणि एन नावाचं प्रथिन जवळपास ३०,००० अक्षरांचा लांबलचक आरएनए गुंडाळून त्याच्याकडे आणतं. जागा वेगळी, पण निघतो तोही आपलंच तेलकट वस्त्र पांघरून.

आता कळतं की साबण का चालला. तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही आणि साबणाने निघते, ते जे कारण तेच इथे. पापुद्रा विरघळला की विषाणू संपला, कारण पुढच्या पेशीला जाऊन भिडायची त्याची साधनं त्या पापुद्र्यातच खोचलेली असतात. अल्कोहोलही ते काम करतं. अशा विषाणूला उघड्यावर वाळणंही फारसं मानवत नाही.

हे माहीत नसल्याची किंमत मी पाहिलेली आहे. १९९० च्या दशकात लालबाग-परळच्या चाळींत एचआयव्हीची काय दहशत होती ते त्या काळात तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांबद्दल कुजबुज सुरू झाली, आणि महिन्याभरात त्यांची बादली वेगळी, कपडे वाळत घालायची दोरी वेगळी, सार्वजनिक संडासांपैकी शेवटचा 'त्यांचा'. ते येऊन गेले की कोणीतरी फिनेल ओतायचं. ते काही बोलायचे नाहीत. रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर पाणी भरायला लागले.

आणि त्याच संडासांच्या मागे मैल्याची नळी गळत होती, पिण्याच्या पाण्याच्या पाइपाला खेटून. दर पावसाळ्यात चाळीत दोन-तीन जणांना कावीळ व्हायची. तिला कोणी घाबरत नव्हतं. काविळीचं औषध कुठल्या गावचा वैद्य देतो याची चर्चा व्हायची, मग मुळ्याचा पाला, उसाचा रस, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. ज्या विषाणूला संडासातून पसरता येत नाही त्याच्यासाठी फिनेल, आणि ज्याचा तोच हमरस्ता त्याच्यासाठी काही नाही! पुढे २०१७ साली एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला, २०१८ पासून तो लागूही झाला. चांगलं झालं. पण कायद्याने बादली वेगळी करणं थांबलं तरी मनातली भीती जायला कारण कळावं लागतं, आणि ते कारण विषाणूच्या अंगावरच्या वस्त्रात आहे.

तो दुसरा विषाणू, संडासाच्या वाटेने जाणारा, समजून घ्यायला चाळीपासून फार लांब जायला नको. परळलाच आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे. ही पूर्वी गव्हर्नरची कोठी. १८८० च्या दशकात एका गव्हर्नरची पत्नी इथेच पटकीने वारली, मग पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला. १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेगवरची लस बनवणारी प्रयोगशाळा इथे आली आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. पोलिओचं संशोधन करणारं केंद्रही याच आवारात होतं, १९४९ साली सुरू झालेलं. एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटर हे त्याचं नंतरचं नाव. के.ई.एम.ला किंवा टाटाला जाताना हजारो माणसं त्या भिंतीवरून रोज जात-येत असत. आत काय चालतं ते त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

आत इतर कामांबरोबर मुंबईचं सांडपाणी तपासलं जात होतं. २००१ पासून शहरातल्या मैलापाण्याचे नमुने आणून त्यात पोलिओचा विषाणू शोधायचा. हे करावं लागतं, कारण पोलिओचा संसर्ग झालेल्या साधारण दोनशे जणांपैकी एकालाच लुळेपण येतं. बाकीचे धडधाकट फिरतात आणि विष्ठेतून विषाणू सोडत राहतात. शहरात एकही मूल लुळं पडलेलं नसताना गटार सांगायचं, की विषाणू आलाय. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. भारतातलं शेवटचं मूल त्यानंतर दोन महिन्यांनी, जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात. मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

पोलिओचा विषाणू गटारात टिकतो, कारण तो निघताना पापुद्रा पांघरत नाही. त्याचं कवच निव्वळ प्रथिनांचं. पाच-पाचचे बारा गट, म्हणजे साठ एकसारखे घटक, आणि आत साडेसात हजार अक्षरांचा आरएनए. पोटातलं आम्ल त्याला चालतं. अल्कोहोलला तो फारशी दाद देत नाही, कारण विरघळवायला त्याच्या अंगावर तेलच नाही.

पण म्हणून त्याचं पापुद्र्यावाचून चालतं असं समजू नका. पेशीत शिरल्यावर तो आतले पापुद्रे ओढून-ताणून त्यांचे असंख्य फुगे करतो आणि त्यांच्यावर आपला कारखाना थाटतो. आरएनएची नक्कल तिथेच होते आणि कवच भरण्याचं कामही तिथेच. एचआयव्हीसारखी घड्यांची खूण त्याच्या आरएनएवर कोणाला सापडलेली नाही. मग स्वतःचा आरएनए तो ओळखतो कसा? तर बहुधा ओळखतच नाही. नुकताच यंत्रावरून उतरलेला, ताजा आरएनए तेवढा कवचात जातो. नक्कल करणाऱ्या यंत्रणेतलं २सी नावाचं प्रथिन कवचाच्या प्रथिनाला हात धरून तिथेच आणून उभं करतं. गिरणीत मागावरून उतरलेला तागा तिथल्या तिथे बांधायचा, तसं. बाहेरचं कापड त्या गाठोड्यात यायची सोयच नाही.

१९९१ मध्ये एकार्ड विमर यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने माणसाच्या पेशी फोडून त्यांचा रस काढला, त्यात पोलिओचा आरएनए टाकला, आणि नळीत नवे, संसर्ग करू शकणारे विषाणू तयार झाले. सजीव पेशी एकही नाही! पण त्या रसातही पापुद्र्यांचे तुकडे होते, आणि ते लागतात. नग्न म्हणवणाऱ्या विषाणूचंही माहेर पापुद्र्यातच.

त्याचा आणखी एक पुरावा आपल्या घराघरांत येऊन गेलाय. पल्स पोलिओचे डोस पाजायला येणाऱ्या बाया बर्फाची पेटी का वागवायच्या? डाव्या करंगळीला शाईची खूण करून घाईने पुढच्या दारी का जायच्या? त्या थेंबात जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. उष्णतेने त्याचं कवच सैल पडतं आणि आरएनए आतून निसटतो, मग ते थेंब पाजून उपयोग नाही. म्हणून बाटलीवर वर्तुळात एक पांढुरका चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो काळवंडत जातो, आणि वर्तुळाइतका काळा झाला की बाटली टाकून द्यायची. परळच्या चाळीत चार जिने चढून आलेल्या बाईच्या हातात साठ घटकांच्या कवचाचं शास्त्र होतं. तिला ते कोणी सांगितलं होतं का, ही शंका मला आहे.

इथवर सगळं सोपं वाटतं. काही पांघरून निघतात, काही नुसते निघतात. पण २०१३ मध्ये काविळीच्या, म्हणजे हेपेटायटिस ए च्या विषाणूबद्दल एक गंमत बाहेर आली. तो नुसताच असतो असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. प्रत्यक्षात रुग्णाच्या रक्तात तो पापुद्र्यात गुंडाळलेला सापडला, आणि विष्ठेत मात्र उघडा. यकृताच्या पेशीतून तो पांघरूण घेऊनच निघतो. जो रक्तात जातो तो तसाच राहतो, आणि शरीराच्या प्रतिपिंडांना चटकन सापडत नाही. जो पित्तातून आतड्याकडे जातो, त्याचं पांघरूण वाटेत उतरतं. पित्तातले क्षार म्हणजे आपल्या शरीराचा साबणच. आपण खाल्लेलं तूप ते फोडतात, तसं विषाणूचं वस्त्रही फोडतात. आतलं कवच शाबूत राहतं आणि गटारातून पुढच्या माणसापर्यंत जायला मोकळं होतं. शरीरात असताना पांघरूण, प्रवासाला निघताना ते टाकून! २०१५ मध्ये पोलिओचे विषाणूही कधीकधी स्निग्ध पिशवीत घोळक्याने निघतात असं दिसलं. पेशी न फोडता.

असो. या अभ्यासातून औषधं निघतात हे वेगळं सांगायला नको, पण एक सांगतोच. टाटा रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका वर्षानुवर्षं येत राहिल्या. तो करणाऱ्या विषाणूच्या (हा डीएनएवाला) कवचाची प्रथिनं आत काही न भरता आपोआप जुळून पोकळ गोळा बनतो, हे १९९१ मध्ये ब्रिस्बेनला कळलं. लस म्हणजे तेच रिकामे गोळे. पुण्याच्या सीरमची लस २०२३ मध्ये बाजारात आली तीही याच तत्त्वावर. जोडणीचा अभ्यास म्हणजे पोट भरलेल्या देशांचे चोचले, असं म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी परळच्या त्या रांगेकडे बोट दाखवतो.

पण माझी मुख्य तक्रार रोजच्या आयुष्याबद्दल आहे. २०२० मध्ये सॅनिटायझर घरोघर आला तो काही ठिकाणी राहिलाच. दादरला पाणीपुरीच्या गाडीवर बाटली ठेवलेली पाहिलीय, गणपतीत मंडपाच्या दारातही. लोक दोन थेंब चोळतात आणि निश्चिंत मनाने प्रसाद खातात. कोरोनासाठी ते ठीक होतं. पावसाळ्यात या भागात ज्या गोष्टी हातातून आणि पाण्यातून पसरतात, कावीळ, जुलाब-उलट्यांचे विषाणू, त्यांच्या अंगावर तेल नाही. तिथे सॅनिटायझर म्हणावा तसा चालत नाही. साबणही त्यांना मारत नाही, पण हातावरचा चिकटा सोडवतो आणि वाहत्या पाण्याबरोबर ते निघून जातात. म्हणजे काम चोळण्याचं आणि पाण्याचं.

पाण्याचंही तसंच. मुंबईचं बरंचसं पाणी भांडुपला शुद्ध होऊन निघतं. घोटाळा होतो तो शेवटच्या शंभर फुटांत. जुनी नळी गळकी, शेजारून गटार. पाणी येतं तोवर नळीत दाब असतो. ते गेलं की नळी रिकामी होते आणि बाहेरची घाण आत ओढते. दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी तेच घेऊन येतं. २०१२ मध्ये इचलकरंजीत हेपेटायटिस ई ची मोठी साथ आली, तीही पाण्यातूनच.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं : लोकांना एवढं सांगून काय करायचं, त्यांना सोपी आज्ञा द्यावी, 'हात धुवा.' मला हे पटत नाही. लालबागच्या मसाला गल्लीतून मिरच्या कुटून आणणाऱ्या बाईला ठाऊक असतं, की हाताची आग नुसत्या पाण्याने जात नाही, तेल लावून मग साबण लावावा लागतो. तिला काय कळणार नाही? आज्ञा साथीपुरती टिकते. २०२० मध्ये भाजीची जुडी साबणाने धुणारी घरं दोन वर्षांत जेवणापूर्वी हात धुवायलाही विसरली, कारण धुवायचं का ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फक्त भीती घातली होती, आणि भीती ओसरली.

मी फलक लिहिला तर असा लिहीन : 'काविळीच्या आणि जुलाबाच्या विषाणूला सॅनिटायझर फारसा लागत नाही, कारण त्याच्या अंगावर तेलाचा पापुद्रा नाही. साबणाने चोळून वाहत्या पाण्याखाली हात धुवा. पाणी गढूळ आलं तर उकळा आणि नळी कुठे गळते ते बघा.' तीन वाक्यं. चाळीच्या जिन्याखाली, नळाच्या वर, एवढी जागा निघते.